गीझरच्या बटणावरची टेप

हॉस्पिटलच्या तळघरात निर्जंतुकीकरणाचा विभाग आहे. वरच्या मजल्यांवरचे लोक वाट चुकले तरच तिथे येतात. शस्त्रक्रियेची अवजारं, ड्रेसिंगचं कापड, डॉक्टरांचे अंगरखे हे सगळं धुऊन, मोजून, दुहेरी कापडात बांधून इथल्या वाफेच्या मोठ्या यंत्रात जातं. प्रत्येक गठ्ठ्यावर कागदी टेपचा एक तुकडा चिकटवलेला असतो. त्यावर फिकट तिरप्या रेघा असतात आणि पुरेशी वाफ लागली की त्या काळ्या होतात. रेघ करडी राहिली तर गठ्ठा परत. टेपचं टोक सुटलेलं दिसलं, कुणी उघडून पुन्हा दाबल्यासारखं वाटलं, तरीही गठ्ठा परत.

या विभागात निम्मं आयुष्य घालवलेल्या बाईंना सगळं हॉस्पिटल ‘टेपताई’ म्हणतं. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा जाड, बोलणं मोजकं. लग्न केलं नाही. का, ते विचारण्याइतकी सलगी त्यांनी कुणाला दिलेली नाही. वरून एखादी नर्स धावत यायची, “टेपताई, पेशंट टेबलावर आहे हो, द्या ना तो सेट!” टेपताई गठ्ठा दिव्याखाली फिरवून बघत राहायच्या. “पेशंट टेबलावर आहे म्हणूनच थांब,” म्हणायच्या. नर्स पाठ फिरल्यावर तोंड वेडंवाकडं करायची. पण स्वतःच्या घरात कुणाचं ऑपरेशन असलं की हीच मंडळी गुपचूप खाली येऊन विचारायची, “आज ड्यूटीला तुम्हीच आहात ना?”

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर, एक बैठकीची खोली, एक झोपायची, आणि न्हाणीघराबाहेरच्या भिंतीवर गीझरचं लाल दिव्याचं बटण. समोरच्या दारात घड्याळवाले काका राहायचे. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. घरात बायको, मुलगा, सून आणि नुकती रांगायला लागलेली जुळी नातवंडं.

टेपताईंची आई त्यांच्याकडे राहायला आली तेव्हा इमारतीत योगायोगाने दुसरीही एक गोष्ट चालू होती. वीजकार्यालयाची माणसं जिन्याखाली बसून जुने मीटर काढत होती आणि नवे बसवत होती. आईची ट्रंक आणि शिवणयंत्र वर न्यायचं होतं आणि जिन्यात वायरींचे वेटोळे पडले होते. आईने हमालाला सांगितलं, “जपून रे बाबा. पाय अडकला तर यंत्र पडेल. तू उठशील, ते उठायचं नाही.” वायरमन हसला आणि हातातलं काम टाकून त्याने यंत्राला हात लावला. पुढे टेपताईंना हा क्षण पुष्कळदा आठवला. तेव्हा मात्र त्यांनी त्याला फक्त पाणी दिलं.

नवे मीटर बसले आणि त्यांच्यासोबत फोनवर एक नवी सोय आली. दर महिन्याला निरोप यायचा. एका आडव्या पट्टीत तुमचा वीजवापर, दुसरीत ‘तुमच्यासारख्या जवळपासच्या घरांचा’. तुमची पट्टी आखूड असली तर शेजारी हिरवं पान. लांब असली तर पिवळा त्रिकोण. पहिल्या महिन्यात टेपताईंना त्रिकोण आला. त्यांची पट्टी बाकीच्यांच्या दुपटीहून लांब होती.

त्यांना ते खरंच वाटेना. त्या एकट्या राहायच्या तेव्हा त्यांचा वापर इमारतीत सगळ्यांत कमी असायचा. दिवसभर ड्यूटी, रात्री एक दिवा, एक पंखा. आता फरक कसला पडला होता? घरात आई आली होती.

जिन्यात निरोपांची चर्चा व्हायला वेळ लागला नाही. कुणाला काय आलं हे दाखवायला लोक फोन पुढे करत. घड्याळवाल्या काकांना हिरवं पान आलं होतं, आणि ते दर महिन्याला येत राहिलं. काकांनी त्याच सुमारास घरातले सगळे दिवे बदलून नवे बसवले होते, तेव्हा कारणही हाताशी होतं.

“टीव्हीचा तो बारीक लाल दिवा असतो ना, ताई, तोसुद्धा फुकट जळत नाही,” ते जिन्यात उभे राहून सांगायचे. “मी रोज रात्री सगळे प्लग उपटतो. शिस्त लागते घराला.”

त्यांची बायको दारातून म्हणायची, “प्लग उपटतात आणि सकाळी कुठला कशाचा ते मला शोधायला लावतात!”

“पान कुणाला येतं?” काका फोन वर धरून विचारायचे.

काका वाईट माणूस नव्हते. टेपताईंचा त्रिकोण पाहून त्यांना खरोखर काळजी वाटली. एका सुट्टीच्या दिवशी ते घरी आले आणि फ्रिजचं दार उघडून त्याच्या रबरात कागद धरून पाहिला. कागद घट्ट बसला. इस्त्री, मिक्सर, पंख्याचा जुना रेग्युलेटर, सगळं त्यांनी तपासलं. शेवटी न्हाणीघराशी येऊन बटणावर बोट ठेवलं.

“हा खातो सगळं. घरातले सगळे दिवे जेवढी वीज घेतात तेवढी हा एकटा गिळतो. पाणी तापल्यावर कुणी बंद करायला विसरलं की संपलं.” बोलता बोलता त्यांनी आवाज खाली आणला. “आई असतात ना दिवसभर?”

आईला कमी ऐकू येत नव्हतं. “असते की,” ती आतून म्हणाली. “जाऊ कुठे?”

त्या संध्याकाळी पहिल्यांदा विषय निघाला.

“आई, गीझर किती वेळ चालू असतो गं?”

“अंघोळीपुरता.”

“मग बंद करतेस?”

“नाही, त्याच्यापुढे बसून गाणी म्हणते!” आई शिवणयंत्रावर होती. तिने आयुष्यभर कपड्यांच्या कारखान्यात बटणांची काजं केली होती आणि अजून हाताला काम नसलं की तिला करमत नसे. “लाइट मी पिते का गं बये? माझं यंत्रसुद्धा पायाचं आहे. मी तुझ्या घरात काय जाळणार?”

टेपताईंनी वाद घातला नाही. वाद घालायची त्यांची रीत नव्हती, त्या तपासायच्या. त्यांनी वीजकार्यालयात अर्ज केला. एक तंत्रज्ञ आला, त्याने दुसरं उपकरण लावून मीटर पडताळला आणि सांगितलं, “मीटर अगदी बरोबर आहे, बाई. जितकी वीज जाते तितकीच दाखवतो.”

तो खोटं बोलत नव्हता. पण त्याच्या एका वाक्याने घरातली संशयाची जागा पक्की झाली. मीटर बरोबर असेल तर वीज कुणीतरी वापरत होतं. टेपताई दिवसभर तळघरात असत. उरलं कोण?

आई विसरते आहे, असा विचार त्यांच्या मनात तेव्हा आला. तो काही आकाशातून पडला नव्हता. आईने एकदा किल्ली भाजीच्या पिशवीत ठेवली होती. शेजारच्या सुनेला ती तिच्या सासूच्या नावाने हाक मारायची. सत्तरी ओलांडलेल्या कुठल्याही माणसाकडून एवढं होतंच, पण टेपताईंना ते आता पुरावा म्हणून दिसू लागलं. धाकट्या भावाला त्यांनी फोनवर सांगितलं. तो दुसऱ्या शहरात होता. म्हणाला, “ताई, आज गीझर विसरते, उद्या गॅस विसरेल. तू घरात नसतेस.”

दुसऱ्या दिवशी टेपताई कामावरून येताना टेपचं एक संपत आलेलं रीळ घेऊन आल्या.

गीझरच्या बटणावर त्यांनी आडवी पट्टी लावली. इस्त्रीच्या प्लगवर एक, हीटरच्या प्लगवर एक. फिकट तिरप्या रेघांची, अगदी सरळ, कोपरे नखाने दाबून. सकाळी आपल्या अंघोळीच्या वेळी त्या पट्टी काढत, आईचीही अंघोळ तेव्हाच उरकून घेत आणि जाताना नवी पट्टी लावत.

आई दारात उभी राहून बघत होती. “हे काय?”

“काही नाही. आठवण राहावी म्हणून.”

“कुणाला?”

टेपताईंनी पट्टीचा कोपरा नखाने पुन्हा दाबला. आई पुढे झाली, चष्मा वर करून तिने पट्टी पाहिली. “हॉस्पिटलात असलंच लावता ना तुम्ही? आत जंतू राहिले की काय ते कळायला?”

“हो.”

“बरं,” आई म्हणाली आणि यंत्रावर जाऊन बसली. त्या दिवशी यंत्र चाललं नाही.

तो महिना संपला. टेप रोज संध्याकाळी जागच्या जागी असे. निरोप आला तेव्हा त्यात त्रिकोण होता आणि पट्टी आधीपेक्षा किंचित लांबच होती.

खरं तर टेपताईंच्या सगळ्या आयुष्याने त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, की टेप काय सांगते ते ऐकावं. टेप सांगत होती, कुणी हात लावला नाही. पण त्या संध्याकाळी त्या टेबलावरचा दिवा वायरसकट ओढून न्हाणीघराशी घेऊन गेल्या आणि पट्टी निरखू लागल्या. खालचा उजवा कोपरा सुटलेला होता. न्हाणीघराच्या दमटपणाने कागद सुटतोच. दुसऱ्या कुणाच्या घरी हे पाहिलं असतं तर त्यांनी स्वतःच तसं सांगितलं असतं. पण तळघरात सुटलेल्या कोपऱ्याचा अर्थ एकच असतो.

“आई, तू ही काढून परत लावतेस.”

आई जेवत होती. तिने घास खाली ठेवला. “काय म्हणालीस?”

“रागावत नाही मी. फक्त खरं सांग. दुपारी थंडी वाजते, पाणी तापवावंसं वाटतं, मी समजू शकते. पण लपवू नकोस.”

“मी हात लावला नाही.”

“कोपरा सुटलाय.”

“मग सुटला असेल.” आईचा आवाज एकदम बारीक झाला. इतकी वर्षं ही बाई टोला आल्याबरोबर परतवत आली होती. “मी... मला वाटतं मी नाही लावला हात.”

हे ‘मला वाटतं’ टेपताईंच्या कानावर पडलं. त्यांनी त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा घेतला.

त्यानंतर आई सकाळी मुलीच्या आधी उठू लागली. टेपताई उठेपर्यंत तिची अंघोळ झालेली असायची. “मला लवकर जाग येते,” ती सांगायची. बटणावरची पट्टी तशीच असायची, आणि ती मोडू नये म्हणून टेपताई स्वतःची अंघोळ हॉस्पिटलातच उरकू लागल्या होत्या. तेव्हा थंडीचे दिवस होते.

महिन्याभराने भाऊ येऊन आईला घेऊन गेला. थोडे दिवस हवापालट, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. शिवणयंत्र राहिलं. जाताना आईने समोरच्या जुळ्यांसाठी शिवलेल्या झबल्यांचा जोड काकूंच्या हातात दिला आणि मुलीला म्हणाली, “आता तुझं पान हिरवं येईल.”

भावाचा फोन आठवड्याच्या आतच आला. “ताई, हिची अवस्था तू सांगितलीस त्याहून वाईट आहे. खोलीत अंधार करून बसते. दिवा लाव म्हटलं तर म्हणते, तू लाव. गॅसच्या शेगडीपाशी जात नाही. मी बाहेर पडायच्या आधी दहा वेळा विचारते, माझ्या हातून काही चालू राहिलं नाही ना? आमची दोघांची नोकरी. इथे वयस्कर लोकांसाठी एक निवास आहे, चोवीस तास माणसं असतात. या महिनाअखेर एक खोली रिकामी होतेय. तू हो म्हण, म्हणजे मी पैसे भरून टाकतो.”

“थोडं थांब,” टेपताई म्हणाल्या.

“कशासाठी?”

पुढच्या निरोपाची त्या वाट पाहत होत्या. आई नसताना पट्टी आखूड झाली तर भावाचं म्हणणं खरं, आणि मग हो म्हणायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

निरोप आला तो दुपारी, तळघरात वाफेचं यंत्र थंड होत असताना. टेपताईंनी फोन उघडला. पिवळा त्रिकोण. पट्टी होती त्याहून लांब.

घरी तर कुणीच नव्हतं. शेजारी काम करणाऱ्या मदतनीस बाईंनी विचारलं, “काय हो, बरं नाही का?” टेपताई म्हणाल्या, “रिकामी फेरी.”

“आता? ती तर सकाळी झाली.”

निर्जंतुकीकरणाच्या यंत्रात दिवसाची पहिली फेरी रिकामी घेतात. आत गठ्ठे नसतात, फक्त एक तपासणीचा कागद असतो. त्यावरून यंत्र स्वतः ठीक आहे की नाही ते कळतं. मालावर संशय घेण्याआधी यंत्र पाहायचं, हा तिथला पहिला धडा. नव्या मुलींना तो टेपताईच शिकवायच्या. घरी मात्र त्यांनी आधी माल तपासला होता.

रविवारी सकाळी त्यांनी आपल्या घराचा मेन स्विच खाली ओढला. फ्रिज कुरकुरून गप्प झाला. त्या जिना उतरून खाली गेल्या. जिन्याखालच्या कोनाड्यात मीटर ओळीने बसवलेले होते आणि प्रत्येकाखाली रंगाने घराचा नंबर लिहिला होता. प्रत्येक मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. घरात वीज वापरली जात असेल तर तो लुकलुकतो, जास्त वापर असेल तर भरभर.

टेपताईंच्या नंबराचा दिवा भरभर लुकलुकत होता. त्याच्या शेजारी काकांच्या नंबराचा मीटर होता. त्यावरचा दिवा थांबलेला होता.

त्या किती वेळ तिथे उभ्या होत्या कुणास ठाऊक. दूध घेऊन आलेल्या काकूंनी त्यांना पाहिलं. “अगबाई, इथे काय करताय अंधारात?”

“काकू, तुमच्याकडे आत्ता काय काय चालू आहे?”

“काय नाही ते विचारा! पोरांच्या अंघोळीचं पाणी, धुण्याचं यंत्र, सूनबाईंचा केसांचा तो भोंगा...”

“काकांना जरा खाली पाठवता?”

काका खाली आले ते डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर सरकवून. सुट्टीच्या दिवशीही ते घरी कुणाचं तरी घड्याळ उघडून बसायचे. टेपताईंनी एवढंच सांगितलं, “माझा मेन बंद आहे. तुम्ही काही करू नका, फक्त बघा.”

काकांनी दोन्ही मीटर पाहिले. मग आळीपाळीने खालचे नंबर पाहिले. ते वर गेले. थोड्या वेळाने वरून सुनेचा आवाज आला, “अहो बाबा, लाइट का घालवली?” आणि त्याच क्षणी टेपताईंच्या नंबराचा लाल दिवा थांबला.

काका परत आले तेव्हा सगळा जिना उतरले नाहीत. शेवटच्या वळणावर पायरीवरच बसले.

“उलट्या जोडल्यात वायरी,” ते म्हणाले. “बसवतानाच. तुमचं ते माझ्या नावावर, माझं तुमच्या.”

“हो.”

“म्हणजे ते पान तुमचं होतं.” काकांनी कपाळावरचं भिंग काढून हातात घेतलं. “मी रोज प्लग उपटत होतो हो.”

“तुम्हाला काय माहीत.”

“तसं नाही. माझा आकडा एकदम अर्ध्याच्या खाली आला तेव्हा मला आनंद झाला. दिवे बदलून एवढा फरक पडत नाही. दुकानात कुणी असं सांगितलं असतं तर मी त्याला हसलो असतो. पण आकडा माझ्या बाजूचा होता, मग कशाला खाली उतरून बघतोय!” त्यांनी भिंग खिशात ठेवलं. “आणि मी तुमच्या घरी येऊन त्या बटणावर बोट ठेवलं. आईंच्या देखत.”

टेपताईंनी त्यांना धीर दिला नाही आणि दोषही दिला नाही. “टेप मी लावली,” त्या म्हणाल्या.

वीजकार्यालयाची माणसं आली, वायरींची अदलाबदल झाली, मागच्या बिलांचा मेळ पुढच्या बिलांत घातला गेला. तंत्रज्ञ म्हणाला, “मीटर बरोबर होता, मी म्हणालोच होतो.” टेपताई भावाच्या गावी जायला निघाल्या तेव्हा महिना संपत आला होता.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, हाताला काम नाही. संध्याकाळ झाली होती आणि खोलीत दिवा नव्हता. भावजयीने दिवा लावला तेव्हा आईने डोळे मिचकावले आणि बटणाकडे असं पाहिलं, जणू ते आपण लावलं नाही याची खात्री करून घेत असावी.

टेपताईंनी सगळं सांगितलं. मीटर, वायरी, काका, लाल दिवा. एकही गोष्ट गाळली नाही. आईने शेवटपर्यंत ऐकलं.

“तू माझ्यासाठी हे सांगतेस,” आई म्हणाली. “नको. मला आठवतं ना. मी लावायची गीझर.”

“आई, नाही लावलास तू.”

“लावला होता गं. दुपारी. मला आठवतं, दिवा लाल लागला होता, मी पट्टी काढली होती अशी नखाने.” तिने हवेत नख फिरवून दाखवलं. “नंतर विसरले. तू म्हणालीस तेच बरोबर. मी खूप विचार केला तेव्हा आठवलं.”

भाऊ हळूच म्हणाला, “बघितलंस ताई? मीटरचं असेल, पण हे?”

टेपताई खाली, आईच्या खुर्चीपाशी बसल्या. “आई, ती पट्टी नखाने अशी निघत नाही. काढली की भिंतीचा रंग घेऊन येते. मी रोज काढायचे, तेव्हा रोज रंगाचा पापुद्रा यायचा. तू शेवटचे कितीतरी दिवस माझ्या आधी अंघोळ केलीस. तेव्हापासूनची पट्टी मी गेल्या आठवड्यात काढली. एकच होती. तिच्यासोबत रंगाचा पापुद्रा आला तो माझ्या हातून, म्हणजे त्याआधी ती कधी निघालीच नव्हती.”

आईने तो हात पदराखाली घेतला.

“पाणी कसलं घ्यायचीस?”

आई म्हणाली, “गार.”

“एवढ्या थंडीत?”

“पट्टी फाटली असती ना.” आईच्या आवाजात पहिल्यांदा जुनी धार आली, पण ती तिथेच थांबली. “मग तू म्हणाली असतीस.”

भाऊ उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याने बहिणीला सांगितलं, “खोलीसाठी नाही कळवतो.” आणि आईकडे न बघता म्हणाला, “राहायचं कुठे ते हिला ठरवू दे.”

“माझं यंत्र कुठे आहे?” आईने विचारलं.

“माझ्याकडे.”

“मग विचारता काय?”

आई परत आली. काकांनी ट्रंक वर नेताना तिला वाकून नमस्कार केला. काकू मागून म्हणाल्या, “यांच्याकडून कुठलाही सल्ला घेऊ नका आता, आम्हीही घेत नाही.” आई हसली. जुळ्यांना तिने मांडीवर घेतलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की झालं ते झालं.

तसं झालेलं नव्हतं. टेपताई संध्याकाळी रस्त्याच्या वळणावरून आपली खिडकी पाहायच्या, ती अंधारी असायची. आत आई यंत्रापाशी बसलेली, उजेड गेल्यावर हात थांबवून. टेपताई दिवा लावायच्या. सकाळचं गरम पाणी टेपताईच काढून ठेवायच्या. प्लगवरच्या आणि बटणावरच्या पट्ट्या गेल्या होत्या. गीझरच्या बटणाभोवती मात्र रंग गेलेला चौकोन होता आणि त्याला अजून थोडा डिंक चिकटून होता. रंगाऱ्याला बोलवावं असं त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, राहू दे. झाकण्याची घाई कशाला?

एकदा त्यांनी म्हटलं, “आई, मी नसताना तू लावत जा गं दिवा.”

“लावेन,” आई म्हणाली. लावला नाही.

महिन्याने फोनवर निरोप आला. वायरी बरोबर जोडल्यानंतरचा, खऱ्या अर्थाने त्यांच्या घराचा पहिला. त्यात हिरवं पान होतं. नुसतं पान नव्हे, अभिनंदनाचा मजकूरही: तुमचा वापर तुमच्यासारख्या घरांपेक्षा खूपच कमी आहे. टेपताई तळघरातल्या बाकावर बसून ती आखूड पट्टी पाहत राहिल्या. दोन माणसांच्या घराची पट्टी एवढी आखूड असत नाही. त्या आखूडपणात दुपारची गार खोली होती आणि संध्याकाळी बंद पडणारं यंत्र होतं. मदतनीस बाईंनी डोकावून पाहिलं. “वा, पान आलं की! पेढे पाहिजेत.” टेपताईंनी फोन खिशात टाकला.

दुसऱ्या महिन्यातही पान आलं. घरी त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर काही दिवसांनी हॉस्पिटलमध्ये एका मोठ्या अपघातातले जखमी आले. बसमधली माणसं होती. तळघरात गठ्ठ्यांवर गठ्ठे येत राहिले, आणि टेपताईंना घरी यायला दिवेलागण उलटून गेली. पावसाची भुरभुर होती, त्या भिजल्या होत्या. वळणावर त्यांनी सवयीने वर पाहिलं. खिडकी अंधारीच होती, पण शेजारची, घरातल्या न्हाणीघराबाहेरच्या बोळाची छोटी खिडकी फिकट पिवळी दिसत होती.

दार उघडलं तेव्हा आई बोळात भिंतीला टेकून उभी होती. बोळातला दिवा लागलेला होता. रंग गेलेल्या चौकोनाच्या मधोमध गीझरचा लाल दिवा जळत होता, आणि आईची नजर त्यावरून हलत नव्हती. ती तिथे पहाऱ्याला उभी असल्यासारखी दिसत होती.

“तापलंय,” आई म्हणाली. “आधी तू घे. भिजलीस.” आणि मग, बटणाकडे बोट दाखवून, “अंघोळ झाली की तूच बंद कर. मी इथेच आहे, पण तू कर.”

टेपताईंनी अंघोळ केली आणि बटण बंद केलं. आईने ते बंद झालेलं डोळ्यांनी पाहिलं, मगच ती खुर्चीत जाऊन बसली.

त्या महिन्याच्या निरोपात पान नव्हतं. त्रिकोणही नव्हता. पट्टी बाकीच्या घरांच्या पट्टीइतकीच लांब होती आणि खाली लिहिलं होतं, गेल्या महिन्यापेक्षा तुमचा वापर वाढला आहे. कारणं शोधण्यासाठी इथे दाबा. टेपताईंनी ते दोनदा वाचलं, फोन बंद केला, आणि पुढचा गठ्ठा दिव्याखाली धरला.